यंत्रांचीं गुपितें आणि त्यांची राखण

कारागिराचें कसब त्याच्या हातांत असतें. तो गेला म्हणजे तें कसबही जातें, किंवा शिष्याच्या हातीं जें कांहीं उतरलें असेल तेवढेंच मागें राहतें. यंत्राची गोष्ट निराळी आहे. यंत्राचें कसब त्याच्या घडणींत आणि त्याला दिलेल्या आज्ञांत सांठविलेलें असतें. ती घडण कागदावर उतरवितां येते, त्या आज्ञांची नक्कल करतां येते, आणि नक्कल झाली तरी मूळ धन्याच्या घरांतून एकही वस्तु नाहींशी झालेली नसते. घरफोडी झाली तर फुटलेलें कुलूप तरी दिसतें. येथें कुलूपही शाबूत असतें आणि तिजोरीही भरलेलीच असते. चोरी झाली हें धन्याला कळतें तें बहुधा शेजारच्या बाजारांत आपलाच माल दुसऱ्याच्या नांवानें स्वस्त विकला जाऊं लागला म्हणजे.

आजच्या कारखान्यांत औषधाची गोळी दाबणारें, दूध बाटलींत भरणारें, कापड विणणारें आणि लोखंड कापणारें यंत्र बहुतेक ठिकाणीं सॉफ्टवेअरच्या आज्ञेनें चालतें. किती उष्णता द्यावयाची, किती वेग ठेवावयाचा, कोणता घटक किती घालावयाचा, ही सारी उत्पादनाची माहिती आंकड्यांच्या रूपानें यंत्रांत भरलेली असते. तिला दोन प्रकारचें भय असतें. एक चोरीचें, दुसरें फेरफाराचें. हीं भयें संगणकाबरोबर जन्मास आलीं असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. त्यांचा इतिहास निदान तीनशें वर्षांचा आहे, आणि तो लक्षांत घेतल्यावांचून आजच्या प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येत नाहीं.

अठराव्या शतकाच्या आरंभीं रेशमाच्या तंतूला पीळ देण्याचीं उत्तम यंत्रें इटलींतील पीडमाँट प्रांतांत होतीं, आणि तीं बाहेर जाऊं नयेत म्हणून तेथील राज्यकर्ते फार दक्ष असत. इंग्लंडमधील जॉन लोम्ब नांवाचा तरुण इटलींत गेला, कारखान्यांतील माणसांना वश करून घेऊन त्यानें यंत्रांची माहिती मिळविली, आणि तो स्वदेशीं परतला. त्याचा सावत्र भाऊ टॉमस लोम्ब यास १७१८ सालीं इंग्लंडमध्यें त्या यंत्रांचें 14 वर्षांचें पेटंट मिळालें, आणि डार्बी येथें डर्वेंट नदीच्या कांठीं रेशमाची प्रचंड गिरणी उभी राहिली. जॉन १७२२ सालीं तरुणपणींच वारला. इटलीहून धाडलेल्या एका स्त्रीनें त्याला विष घातलें अशी कथा पुढें कित्येक वर्षें सांगितली जात असे. पण ती दंतकथेच्याच वर्गांत घालावी हें बरें.

या प्रकरणांतील खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. ज्या यंत्रासाठीं एवढा खटाटोप झाला, त्याचें चित्र व्हित्तोरिओ झोंका याच्या ग्रंथांत १६०७ सालींच पादुआ येथें छापून प्रसिद्ध झालेलें होतें, आणि त्या ग्रंथाची प्रत ऑक्सफर्डच्या बॉड्लियन ग्रंथालयांत शतकभर पडून होती! मग इटलीला जाण्याचें कारण काय? कारण एवढेंच, कीं चित्रावरून यंत्र दिसतें, पण तें चालतें कसें, कोठें अडतें आणि अडलें असतां काय करावें, हें चित्र सांगत नाहीं. तें कळण्यास तें यंत्र चालविणारा मनुष्यच गांठावा लागतो. गुपिताचा मोठा भाग कागदावर नसून माणसाजवळ असतो, हा धडा त्या वेळींच मिळाला होता.

१७३२ सालीं टॉमस लोम्बनें पेटंटची मुदत वाढवून मागितली. पार्लमेंटनें ती नाकारली. पण त्याला 14,000 पौंड बक्षीस दिलें आणि यंत्रांचे नमुने सर्वांना उपयोगी पडावेत म्हणून लंडनच्या टॉवरमध्यें ठेवविले. या निर्णयांत मोठा शहाणपणा होता. संशोधकाला कांहीं काळ मक्ता द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यांत ज्ञान शेवटीं समाजाच्या पदरीं पडावें, हा तो सौदा होय.

परंतु दुसऱ्याचें गुपित आणणाऱ्या इंग्लंडचा स्वतःच्या गुपितांविषयींचा बाणा अगदीं उलटा होता. कसबी कारागिरांना परदेशीं फूस लावून नेण्यास १७१८ च्या कायद्यानें बंदी झाली. १७७४ सालीं सुती व तागी कापडाच्या धंद्यांतील अवजारें देशाबाहेर नेणें हा गुन्हा ठरला, आणि १७८१ सालीं नकाशे व नमुने यांनाही तोच नियम लागू झाला. बंदरांवर पेट्या उघडून पाहिल्या जात. पण १७८९ सालीं सॅम्युअल स्लेटर नांवाचा 21 वर्षांचा तरुण शेतमजुराच्या वेषांत जहाजावर चढला, तेव्हां त्याच्या पेटींत आक्षेपार्ह असें कांहींच नव्हतें. आर्कराइटच्या पद्धतीचीं सूत कातण्याचीं यंत्रें जेडेडाया स्ट्रट याच्या गिरणींत उमेदवारी करीत असतां त्यानें नीट अभ्यासलीं होतीं, आणि तीं सारीं त्याच्या डोक्यांत होतीं. डोक्याची झडती कोणता नाकेदार घेणार? १७९० च्या अखेरीस अमेरिकेंतील पॉटकेट गांवीं त्याचीं यंत्रें पाण्याच्या जोरावर फिरूं लागलीं. अमेरिकेनें त्याला आपल्या कारखानदारीचा जनक म्हटलें; त्याच्या जन्मगांवीं, बेल्पर येथें, त्याला देशद्रोही म्हणत.

त्यानंतर वीस वर्षांनीं फ्रान्सिस कॅबट लोवेल या अमेरिकन व्यापाऱ्यानें इंग्लंडच्या गिरण्या पाहून यंत्रमागाची रचना अशीच स्मरणांत सांठवून नेली आणि १८१४ सालीं वॉल्थम येथें तसे माग चालू केले. अखेर इंग्लंडनें कारागिरांवरील बंदी १८२४ सालीं आणि यंत्रांच्या निर्यातीवरील बंदी १८४३ सालीं उठविली. मुंबईच्या दृष्टीनें ही शेवटची तारीख महत्त्वाची आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें ती गिरणी सुरू झाली, ती विलायतेहून राजरोस आणलेल्या यंत्रांवर. गिरणगांवाच्या साऱ्या इतिहासाचा उगम एका उठलेल्या बंदींत आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

येथवरचीं गुपितें यंत्राच्या घडणीचीं होतीं. यंत्र एक आणि त्याला द्यावयाची आज्ञा निराळी, हा भेद स्पष्ट झाला तो फ्रान्समधील लिऑन शहरांत. रेशमी कापडांत नक्षी विणतांना कोणते उभे धागे केव्हां उचलावयाचे, हें मागावर बसलेल्या पोऱ्याला पूर्वीं हातानें दोऱ्या ओढून करावें लागे. १७२५ सालीं बुशाँ यानें भोकें पाडलेल्या कागदाची पट्टी योजिली. मग फाल्कन यानें पुठ्ठ्याचीं पानें आणलीं. व्होकान्साँ यानें त्यांत भर घातली. आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्ड यानें या सर्वांचा मेळ घालून तो प्रसिद्ध माग सिद्ध केला. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोंक असेल तेथें आंकडा उभा धागा उचलतो. भोंक नसेल तेथें धागा खालींच राहतो. असे पुठ्ठे क्रमानें ओंवून त्यांची माळ मागावर चढविली कीं फूल, पान, मोर, जें हवें तें कापडावर उमटतें. सोलापूरच्या चादरीवरील नक्षी ज्या मागांवर निघते, त्यांचें नांव आजही जॅकार्डच आहे. १८३९ सालीं खुद्द जॅकार्डचें चित्र रेशमांत विणलें गेलें, त्याला सुमारें 24,000 पुठ्ठे लागले. आणि चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यांत हेच पुठ्ठे आज्ञा देण्यासाठीं योजिले होते. पुठ्ठ्यांची ती माळ म्हणजे आजच्या सॉफ्टवेअरची आजीच म्हणावयाची.

या नव्या सोयीबरोबर नवा धोकाही आला. नक्षीकाराचे महिन्यामहिन्यांचे श्रम आतां एका गठ्ठ्यांत बांधतां येत होते, आणि तो गठ्ठा ज्याच्या हातीं पडेल त्याला त्याच प्रकारच्या दुसऱ्या मागावर हुबेहूब तेंच कापड विणतां येत होतें. १८ मार्च १८०६ च्या कायद्यानें लिऑन येथें मालक-कारागिरांचे तंटे सोडविणारें मंडळ स्थापन झालें. त्याच कायद्यांत असें कलम होतें, कीं ज्याला आपल्या नक्षीची मालकी राखावयाची असेल त्यानें तिचा नमुना घडी करून, लिफाफ्यांत घालून, स्वतःच्या मोहोरेनें व सहीनें बंद करून मंडळाच्या दफ्तरीं ठेवावा, आणि मंडळानेंही त्यावर आपली मोहोर उठवावी. मालकी एक वर्षाची, तीन वर्षांची, पांच वर्षांची कीं कायमची, हें ठेवणारानें सांगावयाचें. तंटा उपस्थित झाला म्हणजे लिफाफा फोडावयाचा आणि नक्षी ताडून पाहावयाची. यंत्राची आज्ञा ही मालमत्ता आहे, आणि तिच्या मालकीस मोहोरबंद पुरावा हवा, या दोन्ही कल्पना येथें एकत्र आलेल्या दिसतात.

तरीही न्यायासनाला ही गोष्ट पचण्यास शंभर वर्षें लागलीं. अमेरिकेंत भोकें पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर आपोआप वाजणारे पियानो निघाले, तेव्हां गीतांचे प्रकाशक न्यायालयांत गेले. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं ही गुंडाळी गीताची प्रत नव्हे. कारण ती पाहून मनुष्याला गीत वाचतां येत नाहीं, तें फक्त यंत्राला कळतें. लगेच १९०९ सालीं कायदा बदलावा लागला आणि प्रत्येक गुंडाळीमागें दोन सेंट मोबदला ठरला. यंत्राला वाचतां येणारा मजकूर हाही मजकूरच होय, हें तत्त्व संगणकाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतींत अमेरिकेनें १९८० सालीं मान्य केलें. भारतानें १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती करून संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीच्या पंक्तींत बसविलें. कादंबरी आणि यंत्राची आज्ञा एकाच कलमाखालीं नांदूं लागल्या.

मधल्या काळांत कारखाना पार पालटला होता. १९५२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेनें भोकें पाडलेल्या फितीवरून चालणारें, धातु कापणारें यंत्र लोकांपुढें मांडलें. १९६८ नंतर कारखान्यांतील यंत्रें चालविणारे लहान, मजबूत नियंत्रक संगणक निघाले, त्यांना पी.एल.सी. असें म्हणतात. ते चार भिंतींच्या आंत, बाहेरच्या जगाशीं संबंध न ठेवतां काम करतील, असें गृहीत धरलेलें होतें. त्यामुळें आज्ञा देणारा कोण, हें विचारण्याची संवयच त्यांना लावलेली नव्हती. पुढें व्यवहाराच्या सोयीसाठीं हीं यंत्रें एकमेकांना आणि इंटरनेटला जोडलीं गेलीं. भिंत गेली, पण भाबडेपणा तसाच राहिला.

आधुनिक चोरीचें सर्वांत बोलकें उदाहरण पवनचक्क्यांच्या धंद्यांतलें आहे. अमेरिकन सुपरकंडक्टर ही कंपनी पवनचक्क्यांचे नियंत्रक आणि त्यांचें सॉफ्टवेअर पुरवीत असे, आणि चीनमधील सिनोव्हेल ही तिची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती. दोघींमध्यें 80 कोटि डॉलरांहून अधिक किंमतीचे करार झालेले होते. मार्च २०११ मध्यें सिनोव्हेलनें एकाएकीं माल घेण्याचें नाकारलें. जून महिन्यांत कंपनीचे तंत्रज्ञ चीनमधील वाळवंटांतल्या एका पवनचक्कीवर नवें सॉफ्टवेअर तपासावयास गेले. तपासणी संपतांच चक्की थांबावयास हवी होती. पण पातीं फिरतच राहिलीं. चौकशी करतां असें आढळलें, कीं चक्कीवर त्यांच्याच सॉफ्टवेअरची कुलूप मोडलेली प्रत चालत होती. ऑस्ट्रियांतील शाखेंत काम करणाऱ्या एका रुष्ट नोकरास मोठ्या पगाराचें आमिष दाखवून ती मिळविण्यांत आली होती. त्या नोकरास ऑस्ट्रियांत शिक्षा झाली. जानेवारी २०१८ मध्यें अमेरिकेंतील मॅडिसन येथें ज्यूरीनें सिनोव्हेलला दोषी ठरविलें, आणि त्याच वर्षीं तिला 15 लक्ष डॉलर दंड होऊन मूळ कंपनीला 5 कोटि 75 लक्ष डॉलर भरून देणें भाग पडलें. परंतु न्यायालयाच्या हिशेबानें नुकसान 55 कोटि डॉलरांहून अधिक होतें, आणि दरम्यान जवळजवळ 700 माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्या सातशें घरांना कोणत्या निकालानें काय परत मिळालें?

येथें एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. लोम्ब आणि स्लेटर यांनींही हेंच केलें नव्हतें काय? इतिहासानें त्यांना पुतळे दिले आणि आजच्या चोराला तुरुंग दिला, हा न्याय कोणता? प्रामाणिकपणें उत्तर द्यावयाचें तर असें म्हणावें लागेल, कीं ज्या राष्ट्राजवळ गुपित असतें तें राष्ट्र त्याला चोरी म्हणतें, आणि ज्याच्याजवळ नसतें तें त्याला विद्यार्जन म्हणतें. पण एक फरक खरा आहे. स्लेटरनें इंग्लंड सोडतांना जें नेलें तें त्याच्या बुद्धींत मुरलेलें ज्ञान होतें. तें कामास लावण्यासाठीं त्याला परदेशांत पुन्हां घाम गाळावा लागला. उलट, सॉफ्टवेअरची प्रत नेणाऱ्याला तें समजण्याचीही गरज नसते. शिकून घेणें आणि उचलून नेणें यांतील ही सीमारेषा आहे, आणि कायद्यानें राखावयाची ती हीच.

फेरफाराच्या बाबतींत मात्र असा वाद संभवतच नाहीं. चोरीनें ज्ञान निदान दुसरीकडे तरी पोंचतें. फेरफारानें कोणाचेंच भलें होत नाहीं. २००० सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, मरूची येथें, सांडपाण्याचे पंप अकारण बिघडूं लागले. यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीचा एक माजी नोकर, स्थानिक संस्थेनें नोकरी नाकारल्याचा राग मनांत धरून, संगणक व बिनतारी यंत्र यांच्या साह्यानें पंपांना खोट्या आज्ञा देत होता. सुमारें 8 लक्ष लिटर मैला नदींत आणि बागांत वाहून गेला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

जून २०१० मध्यें बेलारुसमधील एका कंपनीच्या दृष्टीस जो विषाणु पडला, त्यानें साऱ्या जगाची झोंप उडविली. त्याला स्टक्सनेट असें नांव मिळालें. इराणमधील नातांझ येथें युरेनियम शुद्ध करणारीं नळकांडीं अतिशय वेगानें फिरत असत. हा विषाणु त्यांच्या नियंत्रकांत शिरून वेग मधूनच फार वाढवी, मग जवळजवळ शून्यावर आणी, आणि पुन्हां पूर्ववत् करी. याहून भयंकर गोष्ट अशी, कीं यंत्रावर देखरेख ठेवणाऱ्या माणसांना तो सर्व कांहीं ठीक असल्याचेच आंकडे दाखवीत राही. यंत्र मोडत होतें आणि तक्ता निश्चिंत होता! आंत शिरतांना या विषाणूनें तैवानमधील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या डिजिटल मोहोरा वापरल्या होत्या. लिऑनच्या दफ्तरांतील लिफाफ्यावर ज्या विश्वासानें मोहोर उठत असे, त्या विश्वासावरच हा घाव होता.

हे प्रसंग दूरदेशचे म्हणून सोडून देण्याजोगे नाहींत. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा माहिती पुसून टाकणारा विषाणु युक्रेनमधून जगभर पसरला, तेव्हां न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील मर्स्क समूहाच्या धक्क्याचें काम विस्कळित झालें. मार्च २०१९ मध्यें नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक खंडणीखोरांनीं बंद पाडले. त्या कंपनीनें खंडणी दिली नाहीं. शक्य तेथें कामगारांनीं हातानें कारखाने चालविले, आणि जपून ठेवलेल्या प्रतींवरून माहिती पुन्हां उभी केली. यंत्र आलें म्हणून हातानें काम करण्याची विद्या टाकून देऊं नये, हें या प्रसंगानें दाखविलें.

राखणीचीं साधनें आज पुष्कळ आहेत. सॉफ्टवेअर कूटलिपींत ठेवतात, म्हणजे प्रत हातीं लागली तरी वाचतां येत नाहीं. कांहीं ठिकाणीं यंत्राला एक लहानशी किल्लीवजा डबी जोडल्यावांचून तें चालतच नाहीं. १९७६ सालीं डिफी आणि हेलमन यांनीं जोड-किल्ल्यांची जी कल्पना मांडली तिच्यावर डिजिटल सही उभी आहे: एक किल्ली धन्याजवळ गुप्त, दुसरी सर्वांना खुली. गुप्त किल्लीनें उठविलेली मोहोर खुल्या किल्लीनें कोणालाही पारखतां येते, आणि मजकुरांत एका अक्षराचा जरी फरक झाला तरी ती मोहोर जुळत नाहीं. बाजारांतील वजनावर सरकारी शिक्का पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होतें, तसें यंत्रानें आज्ञा पाळण्यापूर्वीं तिच्यावरील शिक्का पाहावा, एवढेंच याचें सार. मात्र शिक्का मारण्याचें साधनच चोरीस गेलें तर वजनही खोटें ठरतें, हें स्टक्सनेटनें शिकविलें.

कुलुपांचा अतिरेकही बाधक होतो. अमेरिकेंतील शेतकऱ्यांना आपलाच ट्रॅक्टर दुरुस्त करतां येईना, कारण त्याचें सॉफ्टवेअर उघडणें १९९८ च्या कायद्यानें निषिद्ध झालें होतें. २०१५ सालीं सरकारला तेथें अपवाद करावा लागला. चोराला अडविणारें कुलूप धन्यालाच घराबाहेर ठेवूं लागलें, तर त्याला राखण म्हणतां यावयाचें नाहीं, ती अडवणूक होय.

या तीनशें वर्षांच्या कथेंत यंत्रें बदललीं, कायदे बदलले, कुलुपें बदललीं. एक गोष्ट मात्र बदलली नाहीं. पीडमाँटच्या गिरणींतील वश झालेले कामगार, स्ट्रटचा हुशार उमेदवार, ऑस्ट्रियांतील रुष्ट तंत्रज्ञ, मरूचीचा अपमानित नोकर, हे सर्व आंतलेच होते. दाराला बाहेरून कितीही अडसर घातले तरी घरांतला माणूस नाखूष असेल तर ते व्यर्थ होत. म्हणून ज्या कारखानदाराला आपलीं गुपितें खरोखर राखावयाचीं असतील, त्यानें कूटलिपीवर आणि मोहोरेवर खर्च अवश्य करावा. पण ज्यांच्या हातीं किल्ल्या आहेत त्यांचा मान, त्यांचें वेतन आणि त्यांच्या तक्रारी यांकडेही तितक्याच दक्षतेनें पाहावें. या खर्चाचा आंकडा कोणत्याही यंत्राच्या किंमतपत्रकांत छापलेला नसतो, आणि तो टाळल्याची किंमत मात्र शेवटीं सर्वांनाच मोजावी लागते.